भिमाजीच्या नावावरची घोंगडी

पोपटरावांनी माझ्याकडे एक पान मागितलं होतं. निमोण्याच्या नव्या कमानीच्या उद्घाटनाला स्मरणिका निघणार होती आणि तिच्यात वीरपत्नी गिताबाई यांचा परिचय हवा होता. "वहिनी, तुम्ही बी.ए. झालेल्या, शाळेत इतिहास शिकवता. दीडशे शब्दांत बसवा, फोटोला जागा ठेवा," सरपंच म्हणून त्यांनी सांगितलं. मी दीडशे शब्द दिले. छापून आले एकशे तीस. गाळलेले वीस शब्द गिताबाईंचे स्वतःचे होते. त्या वीस शब्दांसाठी हे लिहायला बसले आहे.

गिताबाई आमच्या शेजारच्या मळ्यात राहतात. वय बहात्तर. मी लग्न होऊन इथं आले तेव्हापासून त्यांना आत्या म्हणते. त्यांचे भाऊबंद पूर्वी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे. आता सगळे ऊस आणि कांदा करतात, पोरं रांजणगावला कंपनीत जातात. एकट्या आत्यांनी मेंढरं सोडली नाहीत. एकोणीस मेंढ्या, दोन शेळ्या, आणि कोणालाही न जुमानणारी एक कुत्री.

त्यांच्या कपाळावर कुंकू असतं. चोपन्न वर्षं नवरा घरी नाही आणि कुंकू रोज असतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांना बोलावतात, पण त्यांच्या कपाळाला बोट कोण लावणार यावर बायका एकमेकींकडे बघत राहतात. मग आत्याच करंडा ओढून घेतात. "तुमाला कोडं पडलं आसंल तर ऱ्हाऊ द्या, माझं मी लावते," म्हणतात, आणि लावतात.

त्यांचं लग्न १९६९ साली झालं. माहेर दौंडकडचं. नवरा भिमाजी लष्करात सिग्नलचा शिपाई होता. लढाईच्या जागी टेलिफोनची तार ओढत न्यायची, आणि तुटली की रांगत जाऊन जोडायची, हे त्याचं काम. १९७१च्या ऑक्टोबरात तो रजेवर आला आणि रजा अर्ध्यातच रद्द झाली. दोघं न्हावऱ्यापर्यंत बैलगाडीनं, तिथून एसटीनं दौंडला गेले. फलाटावर त्यानं अंगावरची काळी घोंगडी काढून आत्यांच्या हातात दिली. "सरकार ब्लँकेट देतंय. ही तुझ्याजवळ ऱ्हाऊ दे. उन्हाळ्यात लोकर कातरायला येतो." एवढं बोलून तो गाडीत चढला. आत्या अठरा वर्षांच्या होत्या. नवरा चारचौघांत आपल्याशी इतकं बोलला म्हणून त्या परतीच्या एसटीत हसत बसल्या होत्या, हे त्या स्वतःच सांगतात.

डिसेंबरच्या शेवटी तार आली. सहा डिसेंबरपासून बेपत्ता.

मी इतिहास शिकवते हे कळल्यावर आत्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "ती लढाई हुती तरी कशाची? ह्यो गेला वर काश्मीरकडं. देश झाला पार बंगालात. ह्याचा त्याच्याशी संबंध काय?"

तीस वर्षं त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं. तार वाचून दाखवणाऱ्यानं नाही, पेन्शनचा कागद आणणाऱ्यानं नाही, शाळेत दरवर्षी सत्काराचा नारळ देणाऱ्यानं नाही.

मी सांगितलं. पूर्व पाकिस्तानातल्या बंगाली लोकांनी मतं देऊन आपला पक्ष निवडून आणला, त्यांना राज्य करू दिलं नाही. मार्चमध्ये ढाक्यात लष्कर घातलं. विद्यार्थी, मास्तर, झोपडपट्टीतली माणसं मारली. अमेरिकेच्या ढाक्यातल्या स्वतःच्या अधिकाऱ्यांनी आपल्या सरकारला कळवलं, इथं कत्तल चालली आहे, काहीतरी बोला. अमेरिका बोलली नाही. तिच्या अध्यक्षांना त्या वर्षी चीनशी गुपचूप सूत जमवायचं होतं, आणि चीनचं दार उघडून देणारा माणूस इस्लामाबादेत बसला होता. त्याला दुखवायचं नव्हतं. कोटभर माणसं सरहद्द ओलांडून आपल्याकडे आली तरी दुखवायचं नव्हतं. मग डिसेंबरात लढाई पेटली आणि त्याच देशाला शांततेची घाई झाली. युनोत युद्धबंदीचे ठराव आले, रशियानं ते अडवले, बंगालच्या उपसागराकडे अमेरिकेची विमानवाहू बोट निघाली. पाकिस्ताननं आपलं लक्ष पूर्वेकडून काढायला पश्चिमेकडून हल्ला केला होता. छांब नावाच्या गावापाशी. तिथं भिमाजी तार ओढत होता.

आत्या लोकर कातत होत्या. चाती फिरायची थांबली.

"म्हंजी मारत हुते तवा गप. आन् मारणाऱ्याच्या अंगावर आलं तवा थांबा, थांबा."

"हो."

"त्या बंगाल्यांचं बरोबर हुतं न्हवं?"

"बरोबर होतं."

"मंग ह्यानं तार वढली ती बरोबर वढली," त्या म्हणाल्या आणि चाती परत फिरवली. या गोष्टीचा त्यांनी पुन्हा कधी कीस काढला नाही. बांगलादेश स्वतंत्र झाला याचा राग मी त्यांच्या तोंडी एकदाही ऐकला नाही. राग आहे तो पुढच्या गोष्टीचा.

लढाई संपल्यावर एक वर्षानं, १९७२च्या डिसेंबरात, पश्चिमेकडे पकडलेले आपले जवान परत येऊ लागले. आत्या भाकरी बांधून दौंडला गेल्या. त्यांचे मामा हौशीराम तिथं स्टेशनात हमाल होते, जवळच राहायचे. अकरा दिवस आत्या मनमाडकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीला उभ्या राहिल्या. लष्करी कपड्यातला माणूस उतरला की विचारायचं, तुमच्यात भिमाजी हाय का. हौशीराम मामा चिडवायचे, "पोरी, पैलवान दिसला की आडवती, एखादा घिऊन जाईल तुला." दहाव्या दिवशी एक जवान थांबला. पारनेरकडचा होता, हाडं राहिली होती अंगात. त्यानं विचारलं, "कोन भिमाजी? तारवाला? निमोण्याचा?"

त्यानं भिमाजीला पाहिलं होतं. पकडल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी, पलीकडच्या एका लष्करी दवाखान्याच्या ओसरीवर. डाव्या हाताला पट्टी होती आणि मराठीत पाणी मागत होता. मग वेगवेगळ्या गाड्यांत घातलं. हे त्यानं परतल्यावर साहेबांना सांगितलं होतं, साहेबांनी लिहून घेतलं होतं. आत्यांनी त्याला फलाटावर बसवून अर्धी भाकरी खायला लावली. बाकीची अर्धी बांधून ठेवली, गाडी अजून एक यायची होती.

लिहून घेतलेलं कुठं गेलं ते आजपर्यंत कळलेलं नाही. उत्तर आलं, खात्रीलायक माहिती नाही.

आणि आपल्याकडे काय होतं? त्र्याण्णव हजार. ढाक्यात शरण आलेले त्र्याण्णव हजार कैदी आपल्या छावण्यांत होते. करार झाले, फोटो निघाले, आणि पुढच्या दोनेक वर्षांत ते त्र्याण्णव हजार गाड्या भरून परत गेले. छांब जिथं आहे ती जमीनही करारात पलीकडे राहिली. ज्या मातीवर भिमाजी धरला गेला ती मातीसुद्धा आपण मागितली नाही. हे मी नववीच्या वर्गात दोन ओळींत शिकवते, पोरं ते उत्तरपत्रिकेत लिहितात आणि मी बरोबरची खूण करते.

हौशीराम मामांनी पेपरातली कैदी परत चालल्याची बातमी वाचून दाखवली तेव्हा आत्या वीस वर्षांच्या होत्या, सही करायलाही शिकलेल्या नव्हत्या. त्या काय म्हणाल्या हे मामा मरेपर्यंत सगळ्यांना सांगायचे. त्याआधी मेंढक्यांची एक रीत सांगायला हवी. रस्त्यात दोन खांडं, म्हणजे दोन कळप, एकमेकांत मिसळले की दोघे मेंढके समोरासमोर उभे राहतात आणि आपापली मेंढरं वेगळी करतात. दुसऱ्याचं खांड आपल्या बाजूला असेल तर ते अडवून धरायचं, आपलं शेवटचं मेंढरू येईपर्यंत सोडायचं नाही. भांडण नाही, आवाज नाही, तशी रीतच आहे. आणि मेंढकी माणसं मोजत नाहीत. किती आली हे कोणी विचारत नाही. नजर फिरवतात आणि कोण आलं नाही ते सांगतात: ती तुटक्या कानाची न्हाई, ते उशिराचं कोकरू न्हाई.

आत्या म्हणाल्या, "मामा, त्येंचं एवढं खांड आपल्याकडं हुतं. आपली दोन-चार त्येंच्याकडं हुती. ज्यानं सोडलं त्याला मेंढरं राखायला माझ्या सासऱ्यानं ठिवलं नसतं."

इतकी वर्षं पुस्तकं वाचूनही मी यापेक्षा जास्त काही बोलू शकत नाही. मोठ्या माणसांची मोठी कारणं होती. बांगलादेशाला मान्यता हवी होती, जगात नाव हवं होतं, शांतता हवी होती. सगळं कबूल. पण निमोण्याच्या त्या पोरीला जे दिसलं ते दिल्लीत कोणालाच दिसलं नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. दिसलं आणि चालवून घेतलं.

पेन्शन सुरू झाली. त्या कागदावर 'मृत समजण्यात येत आहे' असं होतं. तुम्ही अंगठा कसा दिलात, मी एकदा विचारलं. "समजत्यात ते," आत्या म्हणाल्या. "मी कुठं समजते?"

बारा वर्षं झाली तेव्हा भावकीनं दुसरा मार्ग काढला. माणसाचं काही सापडत नसेल तर बारा वर्षांनी कणकेचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा, म्हणजे तो सुटतो. सासूबाई साळूबाई त्यासाठी हट्ट धरून होत्या. "माझं लेकरू न्हाई इकडं न्हाई तिकडं, भुतागत फिरतंय," म्हणून त्या जेवायच्या नाहीत. त्यांना मी वाईट म्हणणार नाही. आत्या शिरूरच्या बाजाराला गेल्याचं बघून दिरानं, म्हणजे पोपटरावांच्या वडिलांनी, ओढ्याकाठी लाकडं रचली. बाजारात लोकर लवकर विकली गेली आणि आत्या दुपारीच परतल्या. ओढ्यावर चार पुरुष उभे, केळीच्या पानावर हातभर लांबीचा कणकेचा माणूस, त्याला डोळ्यांच्या जागी ज्वारीचे दोन दाणे.

आत्यांनी तो उचलला, सरळ मेंढरांच्या वाड्यात नेला आणि एका गाभण मेंढीपुढं धरला. मेंढीनं खाल्ला. डोळ्यांसकट.

गाव अजून म्हणतं, गिताबाईनं नवरा मेंढराला घातला. साळूबाईंनी त्या दिवसापासून सुनेशी बोलणं टाकलं. आठवडाभरानं मेंढरांना पाणी दाखवताना त्यांनी पाठ करूनच विचारलं, "ती मेंढी मेली का?"

"न्हाई. येली. कोकरू हाय."

साळूबाई वळल्या. "मंग जिता हाय त्यो," म्हणाल्या आणि घरात जाऊन भाकरी थापायला बसल्या. पुन्हा त्यांनी कणकेचं नाव काढलं नाही.

आता मला माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. माझा मुलगा रुद्र बावीस वर्षांचा आहे. तीन वर्षांपूर्वी अग्निवीर म्हणून भरती झाला. तो जम्मूच्या बाजूला आहे, नेमकं कुठं ते सांगायचं नसतं. मी नकाशा शिकवते, त्यामुळे तिथून छांब किती जवळ आहे हे मला कळतं आणि घरात दुसऱ्या कोणाला कळत नाही. रुद्रच्या वडिलांना, बाळासोंना, मी सांगितलेलं नाही.

गेल्या मे महिन्यात, सहा तारखेच्या संध्याकाळी त्याचा फोन आला होता. सातच्या सकाळी टीव्हीवर लढाई. त्यानंतर चार दिवस फोन बंद. बाळासो कंपनीत डबल शिफ्ट करत होते, कारण घरी बसवत नव्हतं. आत्या सकाळी मेंढरं बाहेर काढून वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावायच्या, आणि चाती घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसायच्या. धीर दिला नाही, देव सांगितला नाही. टीव्हीवाले ओरडत होते, नकाशावर आगीचे गोळे उडवत होते. "बंद कर ते," त्या म्हणाल्या. "त्यात त्यो दिसायचा न्हाई."

शनिवारी संध्याकाळी मोबाइलवर आलं, युद्ध थांबलं. पहिल्यांदा जाहीर केलं अमेरिकेच्या अध्यक्षांनी, तिकडे बसून, स्वतःच्या मोबाइलवरून. आपलं सरकार म्हणालं, आम्ही दोघांनी आपसात ठरवलं. मी आत्यांना सांगितलं.

"कुनी थांबिवली?"

"अमेरिका म्हणते मी. आपले म्हणतात आम्ही."

"ज्यानं कुनी थांबिवली आसंल," आत्या म्हणाल्या, "त्यानं इचारलं का, कोन न्हाई आलं?"

मला त्या क्षणी त्यांचा राग आला. मला फक्त थांबली एवढंच ऐकायचं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी रुद्रचा फोन आला. "मम्मी, जेवलीस का," एवढं त्यानं विचारलं आणि मी खालीच बसले. आत्यांनी चाती कमरेला खोचली. "आलं तुझं खांड. नीज आता," म्हणाल्या आणि मेंढरांकडे गेल्या.

अशा बाईकडे मी नोव्हेंबरात संमतीपत्र घेऊन गेले. हे मला लिहायलाच हवं, कारण बाकीच्यांवर रागवायचं आणि स्वतःला वगळायचं हे बरोबर नाही.

कमानीच्या खांबावर काळ्या ग्रॅनाइटची पाटी बसणार होती. 'शहीद भिमाजी यांना दि. १६ डिसेंबर १९७१ रोजी वीरमरण आले.' खाली उद्घाटनाला येणाऱ्या साहेबांचं नाव, त्याखाली सरपंचांचं. घरच्यांची सही हवी होती. पोपटराव म्हणाले, काकी माझं ऐकायची नाही, तुमचं ऐकेल. मी शाळेत तासिकेवर आहे. दर जूनला माझे तास शाळा समिती ठरवते आणि समितीत पोपटराव आहेत. ते हे बोलले नाहीत, बोलायची गरज नव्हती.

आत्यांनी कागद वाचून घेतला. एकदा, मग पुन्हा एकदा.

"सोळा कुठनं आली?"

"सोळाला विजय दिवस असतो ना आत्या."

"त्यो सहाला गेला."

आत्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

"शितल, रुद्रचा फोन लागत नव्हता तवा चार दिस मी तुझ्या ओट्यावर बसले. असला कागद आनला हुता का मी संगं?"

मी कागदाची घडी घातली. तेवढ्यात पोपटराव स्वतःच गाडीवरून आले. त्यांना घाई होती, पाटी खोदायला टाकायची होती.

"काकी, सही झाली का?"

"मरायची तारीख बी तुझ्या सोयीची व्हय रं?"

"तसं न्हाई. साहेबांची वेळ सोळाचीच भेटली. आन् चोपन्न वर्सांनी दहा दिवसांनी काय फरक पडतोय?"

"तुझ्या बापाचं वर्सश्राद्ध दहा दिस पुढं ढकल. मंग सांग मला."

पोपटराव ओट्याच्या कडेवर बसले. त्यांनी टोपी काढली. "काकी, सकाळी पोरं रस्त्यावर पळत्यात भरतीसाठी. त्येंना काकांचं नाव दिसावं, एवढंच हाय माझ्या मनात. मी काय वंगाळ करतोय का?"

ते खरं बोलत होते. म्हणून मला अजून वाईट वाटतं.

"नाव लाव की," आत्या म्हणाल्या. "मी कवा नगं म्हनले? पन खरं लिव. लिवून घे शितल." आणि त्यांनी सांगितलं, चाती न थांबवता:

"भिमाजी सहा डिसेंबरला छांबला तार वढायला गेला. त्यो जिता धरला, हे बघनारा मानूस मला भेटला. त्याला कुनी परत आनला न्हाई."

पोपटराव हसले, मग हसायचं थांबले. "असं कमानीवर कुठं लिवत्यात व्हय काकी? साहेब वाचत्याल. सरकारच्या इरोधात हुतंय ते."

"मंग सरकारला म्हनावं, खोटं हाय का सांग."

"तुमी सही करनार न्हाई?"

"ह्याच्यावर करते. आन पेन."

पेन कोणी आणलं नाही. जाताना पोपटराव मला हळूच म्हणाले, पेन्शनचा कागद तालुक्याला आहे, त्यात मृत लिहिलंय, तेवढं बास होईल. आणि तेवढं बास झालं. पाटी तशीच खोदली गेली.

सोळा डिसेंबरला मांडव होता, साहेबांच्या गाड्या होत्या, स्पीकर होता. आत्या आल्या नाहीत. परिचय वाचायचं काम माझ्याकडे होतं. हातात छापील स्मरणिका होती, एकशे तीस शब्दांची, आणि ब्लाउजमध्ये घडी केलेला दुसरा कागद. मी छापील सगळं वाचलं. मग घडी उलगडली आणि ते वीस शब्दही वाचले, आत्या बोलल्या तसेच, त्यांच्या बोलीत.

मला वाटलं होतं मांडव गप्प होईल. कोणीतरी उठेल, निदान माइक बंद करेल. साहेब शेजारच्या माणसाशी बोलत होते; माझा आवाज थांबला एवढं त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. त्याला कुनी परत आनला न्हाई, या वाक्याला निमोण्यात जोरदार टाळ्या पडल्या. मग देशभक्तीचं गाणं लागलं.

फक्त पोपटराव टाळ्या वाजवत नव्हते. ते ऐकत होते. मांडव उठल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "वहिनी, हे बरं न्हाई केलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी दिसत नव्हती. तिच्यावर एक जुनी काळी घोंगडी पडली होती, कडेला कसर लागलेली, कडुनिंबाच्या पाल्याचा वास येणारी. चोपन्न वर्षं त्या पाल्यात गुंडाळून ठेवली होती. पोपटरावांनी ती काढली. काकाची घोंगडी फेकायची त्यांची छाती झाली नाही. नीट घडी करून आत्यांच्या घरी पाठवून दिली. आत्यांनी संध्याकाळी परत टाकली. त्यांनी काढली. यांनी टाकली.

"काकी, दगड झाकून काय मिळतंय?" पोपटरावांनी भर रस्त्यात विचारलं.

"थंडी हाय," आत्या म्हणाल्या.

आता थंडी ओसरली आहे आणि घोंगडी अजून पडते. मेंढरं नेताना आत्या कमानीखालून जात नाहीत, बांधाबांधानं जातात.

या आठवड्यात त्यांचे गुडघे सुजले. मेंढरं वाड्यातच आहेत, मी उसाचं वाढं नेऊन टाकते. रुद्रची रजा या महिन्यात होती. परवा त्यानं सांगितलं, रजा रद्द झाली, कारण विचारू नकोस, पुढच्या महिन्यात बघू. मग म्हणाला, "मम्मी, जेवलीस का?" मी हो म्हणाले. भिमाजीची रजाही रद्द झाली होती हे मी बोलले नाही. ते आठवल्यापासून मी झोपलेली नाही.

काल पोपटरावांनी पाठवलेली घोंगडी आत्यांच्या उशाशी घडी घालून पडली होती. आत्या उठायला बघत होत्या, उठता येईना. मी घोंगडी उचलली आणि आज सकाळी शाळेला जाताना कमानीपाशी थांबले.

ती वाटते त्यापेक्षा जड आहे. पाटीवर पसरली तर घसरत होती, म्हणून मी पिशवीतली सुतळी काढून खांबाला बांधायला लागले. शहीद झाकलं गेलं, सोळा झाकले गेले, साहेब झाकले गेले. पोपटराव दुधाची किटली लावून गाडीवरून येत होते. थांबले. गाडी बंद केली नाही.

"तुमी बी, वहिनी?"

"हो."

त्यांनी खांबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "जून काय लांब न्हाई," म्हणाले आणि गाडी पुढं काढली.

मी दुसरी गाठ मारली.